चौथीच्या पाट्या

नवा खडू हातात आला की वनमाला नाबर आधी तो मधोमध मोडी. अर्धा फळ्याच्या कठड्यावर ठेवी, अर्धा पदराच्या टोकाला बांधी. वाण्याकडची पुडी डब्यात रिकामी केल्यावर तिचा कागद सरळ करी, दोन्ही बाजूंनी वाचून काढी, मगच टाकी. जेवताना बोलत नसे. चहाचा शेवटचा घोट बशीत तसाच ठेवी. वर्गात शिरताना चपला दाराबाहेर काढी. पावसाळ्यात जमीन गार असली तरी. मुलांना पाटीला थुंकी लावू देत नसे. फळ्यावर गणित चुकलं तर जीभ चावत नसे; "थांबा, मी चुकले," म्हणे आणि पहिल्यापासून मांडी. आणि "कळलं का?" असं ती कधीच विचारत नसे.

ही शेवटची सवय तिला गिरगावात लागली. मॅट्रिक झाल्यावर तिची पहिली नोकरी तिथल्या एका शाळेत. तिथे ती प्रत्येक धड्यानंतर "कळलं का?" म्हणून विचारी आणि सगळा वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणे. वार्षिक परीक्षेत अर्धा वर्ग गणितात आपटला. मुख्याध्यापिकाबाईंनी जाब विचारला तेव्हा वनमाला म्हणाली, "मुलं 'हो' म्हणाली होती." बाई इतक्या हसल्या की शिपाई आत डोकावून गेला. उन्हाळ्यानंतर तिला परत बोलावलं नाही.

मग घाटकोपर. भटवाडीत टेकडीच्या पायथ्याला चाळीच्या चार खोल्यांत भरणारी शाळा. वस्ती बरीचशी कोकणातली. गिरणीत जाणारे, कारखान्यात जाणारे, थोडे फोर्टातल्या कचेऱ्यांत कारकून. वनमाला आईबरोबर जवळच दोन खोल्यांत राहत होती. वडील नव्हते. शाळेने तिला चौथीचा वर्ग दिला, पण कायम केलं नव्हतं. ही नोकरी गेली तर मुंबईत राहण्याला कारण उरत नव्हतं. आई ते वरचेवर बोलून दाखवी.

"हीपण गेली तर मामाकडे जावचा लागात," ती भाकरी थापता थापता म्हणे. "तिकडे शाळा नाय. तिकडे मामाच्यो सुनो."

मामाच्या सुनांच्या हाताखाली आयुष्य काढायचं म्हणजे काय, हे वनमालाला मालवणच्या दोन उन्हाळ्यांत पुरतं समजलं होतं.

भटवाडीत आल्यावर तिने एक नवी पद्धत पाडली. शाळा सुटायच्या आधी मुलांनी पाटी कोरी करायची आणि एक ओळ लिहायची: आज मला काय कळलं नाही. लिहिलेली बाजू छातीशी धरून बसायचं. बाई रांगेतून फिरणार, पाटी किंचित पुढे झुकवून वाचणार. शेजाऱ्याने बघायचं नाही, कोणी हसायचं नाही. बाईंनी वाचलं की ओल्या फडक्याने पुसायचं आणि घरी जायचं. वाचल्याशिवाय मात्र पुसायचं नाही. दुसऱ्या दिवसाचा पहिला तास त्याच ओळींवर चाले.

वरच्या वर्गांना मराठी शिकवायला नुकतीच बी. ए. झालेली उत्तरा होती. तिचं वाङ्मयाचं वाचन ताजं होतं आणि जीभ त्याहून.

"काय गं वनू, चौथीची पोरं आत्मचरित्रं लिहायला लागली म्हणे?"

"एकच ओळ लिहितात."

"आणि ती पुसतातही. वा! एवढा विनय आमच्या लेखकांना नाही."

"तू एकदा लिहून बघ," वनमाला म्हणाली. "आज काय कळलं नाही ते."

"मला? मला तर सगळंच कळतं," असं म्हणून उत्तरा निघून गेली. संध्याकाळी तिने घरी खरंच लिहायचा प्रयत्न केला, आणि पहिलं वाक्य व्हायला बराच वेळ लागला. हे तिने वनमालाला मागाहून सांगितलं.

पहिल्या महिन्यात मुलांनी 'गणित कळलं नाही' असं ठोक लिहिलं. मग हळूहळू ओळी बारीक होत गेल्या. 'भागाकारात खाली कोणता आकडा घ्यायचा.' 'कवितेतला दुसरा माणूस कोण.' कुठे अडलं ते मुलांना आता नेमकं दाखवता येत होतं. मुख्याध्यापक काशीराम गुरुजींनी पहिल्यांदा नाक मुरडलं, पण सहामाहीचे गुण पाहून गप्प बसले. दोन वर्षं अशी गेली.

छप्पन सालच्या दसऱ्याला घोटाळा झाला.

वर्गात शुभा परुळेकर नावाची मुलगी होती. तिचे वडील नंदकुमार परुळेकर विम्याच्या कचेरीत कारकून, शाळेच्या कमिटीचे चिटणीसही. दसऱ्याच्या सकाळी घरोघर होते तशी त्यांच्याकडेही पाटीपूजा झाली. शुभाने पाटीवर रेघा जोडून सरस्वती काढली. आजीने हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात शुभाच्या मनात आलं की बाई तर म्हणाल्या होत्या, रोज लिहायचं. सुट्टीत नाही असं काही म्हणाल्या नव्हत्या. तिने सरस्वतीच्या खाली वळणदार अक्षरात लिहिलं: 'मला भागाकारातलं मधलं शून्य कळत नाही.'

आजीच्या ते ध्यानात आलं तेव्हा पूजा होऊन गेली होती. पूजेची पाटी दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायची नाही, पुसायची तर मुळीच नाही. "पूजेला 'नाही' लिहिलंस गं मेले!" म्हणत आजीने त्या ओळीवर झेंडूची फुलं रचली आणि विषय संपवला.

संध्याकाळी सोनं द्यायला माणसं आली. नंदकुमारांच्या कचेरीतले हेडक्लार्कही सपत्नीक आले. त्यांनी भक्तिभावाने आपट्याचं पान पाटीवर वाहायला फुलं बाजूला केली, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं.

"अरे वा परुळेकर! तुमच्या घरी सरस्वतीकडे तक्रार नोंदवतात वाटतं? पण खरं सांगू, ते मधलं शून्य मलाही कधी कळलं नाही. तुम्हीच सांगा की, कसं येतं ते?"

सगळे हसले. सगळ्यांनी नंदकुमारांकडे पाहिलं. नंदकुमारांना पटकन सांगता आलं नाही. पाहुणे जाईपर्यंत त्यांनी दम धरला. मग फडकं घेतलं आणि ओळ पुसायला गेले. शुभा पाटीवर आडवी पडली. "बाईंनी वाचल्याशिवाय पुसायचं नाही!" ओढाताणीत फडकं वर गेलं आणि सरस्वती अर्धी पुसली गेली.

आजीने कपाळावर हात मारला. "दसऱ्याच्या दिवशी, नंदू! देव्हाऱ्यासमोर! स्वतःच्या हाताने!" ती रात्री जेवली नाही.

शाळा उघडली त्या दिवशी नंदकुमार कचेरीत उशिरा जाणार असं सांगून आले आणि थेट चौथीच्या दारात उभे राहिले.

"बाई, तुमच्यामुळे माझ्या हातून सरस्वती पुसली गेली."

वनमालाला आधी काहीच उमजेना. मग त्यांनी सगळं सांगितलं, भरभर आणि चढ्या आवाजात. मुलं ऐकत होती. शुभा बाकाखाली वाकून पेन्सिल शोधत बसली.

"माझं चुकलं," वनमाला म्हणाली. "सुट्टीत लिहायचं नाही, हे सांगायला हवं होतं."

"सुट्टीत म्हणजे? कधीच लिहायचं नाही. पोरांना रोज 'येत नाही, कळत नाही' गिरवायला लावता. मनावर काय परिणाम होतो? आमच्या वेळी येत नसलं तर गप्प राहायचो. येत होतं तेच लिहायचो."

"म्हणून तर..." असं म्हणून ती थांबली. पुढचं बोलली नाही ते बरं झालं. पण नंदकुमारांना ते न बोललेलंही ऐकू आलं.

त्या रविवारी कमिटी बसली. वनमालाला कमी करावं, असा चिटणिसांचा प्रस्ताव. अध्यक्ष होते भाऊ सामंत, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, अंगाने आडवे, बोलायला सावकाश. काशीराम गुरुजी एका कडेला बसून दोन्हीकडे माना डोलवत होते.

"काय हो बाई," भाऊ म्हणाले, "मुलं लिहितात त्याचा त्यांना उपयोग होतो?"

"होतो."

"आणि तुम्ही? तुम्ही लिहिता रोज? आज मला काय जमलं नाही, असं?"

वनमालाने खोटं सांगायचा विचार केला. मग म्हणाली, "नाही."

"का बरं?"

"सुचलं नाही कधी."

नंदकुमार हसले. भाऊ हसले नाहीत. "मग लिहा. दिवाळीची सुट्टी आहे. दोन वर्षांत ह्या पद्धतीत काय जमलं आणि काय जमलं नाही. सुट्टीनंतर वाचू आणि ठरवू. तोवर पाट्या चालू द्या."

"म्हणजे कबुलीजबाबच," नंदकुमार म्हणाले.

"असेल. पण त्यांचा त्यांनीच लिहिलेला."

दिवाळीत आई करंज्यांची पारी लाटत होती आणि वनमाला तिच्याजवळ पाट मांडून लिहीत होती. पहिला मजकूर तिने दोन दिवसांत पुरा केला आणि उत्तराला दाखवला. उत्तराने करंजी खात वाचला.

"छान आहे."

"पण?"

"पण हा नोकरीचा अर्ज आहे गं. 'मुलांत उत्साह निर्माण झाला.' कुणाच्या? 'समाधानकारक प्रगती.' हे सगळे शब्द गुरुजींच्या रिपोर्टातले. तुझी पोरं असं लिहितात का पाटीवर?"

"नाही लिहीत."

"लिहिलं तर तू काय म्हणतेस?"

"नेमकं लिही म्हणते."

उत्तराने दुसरी करंजी उचलली. वनमालाने कागद उलटा केला.

मग तिला एक ओळही सुचेना. नेमकं लिहायचं तर वर्ग डोळ्यांसमोर आणावा लागत होता, एकेक बाक धरून. ती तशी बसली. शुभाचा बाक, तिच्या ओळी आठवल्या. खिडकीजवळचा धाकू, तो रोज दोन ओळी लिही आणि एक पुसायला लावावी लागे. मग मागची रांग. मागच्या रांगेतल्या पाट्यांवर काय असे ते तिला आठवेना. ती आठवू लागली आणि तिच्या लक्षात आलं की त्या पाट्या कोऱ्या असत. ती त्या झुकवून बघे, "शाब्बास, सगळं कळलं," म्हणे आणि पुढे जाई. दोन वर्षं.

तिने लाटणं फिरवणाऱ्या आईकडे बघितलं. गिरगावात वर्ग 'होऽऽ' म्हणे आणि ती विश्वास ठेवी. इथे पाट्या गप्प राहत आणि ती विश्वास ठेवी.

त्या दिवशी तिने जे लिहिलं ते एका पानाचं होतं. त्यात होतं: 'ज्यांच्या पाट्या कोऱ्या त्यांना सगळं कळलं, असं मी धरून चालले. त्यांना काय कळत नाही एवढं लिहिण्यापुरतंही येत नसावं, हे माझ्या मनात आलं नाही. ज्यांना अडलेलं लिहिता येतं त्यांनाच माझा उपयोग झाला.'

उत्तराने ते वाचलं आणि ती पहिल्यांदाच काही विनोद करू शकली नाही.

"हे देऊ नकोस वनू."

"का?"

"परुळेकरांच्या हातात कोलीत देतेयस. पहिला कागद दे. तो बरा आहे. फसवा आहे, पण बरा आहे."

"मामाच्या घरी जायचं नाहीय मला," वनमाला म्हणाली. "पण पोरांना एक सांगायचं आणि आपण दुसरं लिहायचं, तेही नाही जमणार."

"तुझी आई मला घरात घेणार नाही."

"आईला वाचता येत नाही. तू बोलू नकोस म्हणजे झालं."

सुट्टीनंतरच्या बैठकीत तिने दुसरा कागद दिला. झालं उत्तरा म्हणाली तसंच. नंदकुमारांनी तीच वाक्यं मोठ्याने वाचली. "बघा. स्वतःच लिहून दिलंय. दोन वर्षं मागच्या रांगेकडे दुर्लक्ष. आणखी काय पुरावा हवा?"

मग भाऊंनी विचारलं, "गुरुजी, मागच्या रांगेचे गुण किती वर्षांपासून खराब आहेत?"

काशीराम गुरुजी चाचरले. "तसे ते... पहिल्यापासूनच. त्यांच्याकडून फारशी अपेक्षा कधी..."

"ह्या बाई यायच्या आधीपासून?"

"हो."

"आणि हे आपल्याला कोणी कधी लिहून दिलं होतं?"

गुरुजींनी मान डोलवली; ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

"बाई," भाऊ म्हणाले, "आता काय करणार आहात?"

"एकेकाजवळ बसणार. तोंडाने सांगायला लावणार. मी लिहिणार."

वार्षिक परीक्षेपर्यंत तिला ठेवावं असं ठरलं. कायम करण्याचं एप्रिलात बघू. नंदकुमारांनी विरोध नोंदवला आणि बाहेर पडताना दारात तिला गाठलं.

"शुभाला ते शून्य आता कळलं का?"

"कळलं."

"मग आता ती काय लिहिते?"

"ते तिला विचारा. पाटीवरचं मी दुसऱ्याला सांगत नाही."

नंदकुमार रागावले, पण पुढच्या सोमवारी शुभा वर्गात सांगत होती की बाबांनी तिच्याकडून मधल्या शून्याचे भागाकार करून घेतले, म्हणजे तिनेच बाबांकडून करून घेतले.

मागच्या रांगेत जानकी होती. गेल्याच वर्षी मालवणकडून आलेली, दहा वर्षांची, वेणी घट्ट, तोंड घट्ट. वनमाला मधल्या सुट्टीत तिच्याजवळ बसली. "काय अडतं?" जानकी जमिनीकडे बघत राहिली. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी वनमालाने शाळेची भाषा बाजूला ठेवली. शाळेत ती घरचं बोलत नसे. गिरगावात एकदा एका बाईंनी तिची नक्कल केली होती, तेव्हापासून नाही.

"काय गो, माका सांग. काय समजना नाय?"

जानकीने मान वर केली. तिचे डोळे मोठे झाले.

"बाई, तुमीपण मालवणच्यो?"

"होय गो. सांग."

"'प्रत्येकी' म्हंजे काय ता माका ठावक नाय," जानकी एका दमात म्हणाली. "गणित येता. पण आधी काय इचारतत ताच समजना नाय."

"मगे आधी कित्याक नाय सांगलंस?"

"तुमी शाळेतल्या बाई," जानकी म्हणाली, जणू त्यात सगळं आलं.

वनमालाने तिचीच पाटी घेतली आणि तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, मालवणीत. जानकीने ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि तोंडावर हात धरून हसली. आपलं बोलणं लिहिता येतं, हे तिला माहीत नव्हतं. दुपारी काशीराम गुरुजींनी ती पाटी पाहिली.

"बाई, शाळेत शुद्ध लिहायला शिकवतात."

"तिथवर जायचंय गुरुजी. पण निघायचं कुठून?"

गुरुजी पुढे गेले. पण जाताना "माझ्या आजीची भाषा," असं काहीसं पुटपुटले.

त्या दिवसापासून वनमाला स्वतःही घरी रोज एक ओळ लिहू लागली. आई विचारी, "काय ता?" "आजची चूक," ती म्हणे. "एकच?" आई विचारी.

एप्रिलात मागच्या रांगेतली बहुतेक मुलं पास झाली. जानकी गणितात पहिल्या पाचांत आली. सगळी नाहीत, एक मुलगा मधेच शाळा सोडून गेला आणि एक मुलगी नापास झाली. वनमालाने कमिटीला दिलेल्या कागदात त्या दोघांची नावं आधी लिहिली. भाऊंनी तिला बोलावून सांगितलं की जूनपासून ती कायम झाली.

"परुळेकर?" तिने विचारलं.

"त्यांनी विरोध केला नाही. कचेरीत काम आहे म्हणून आले नाहीत. बाई, एक करा. ह्या पोरांना पुस्तकातले कोणते शब्द अडतात, त्यांचा एक मोठा तक्ता करा. जुलैपर्यंत झाला तर सगळ्या वर्गांत लावू."

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने जाड पुठ्ठा आणला. मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला गणिताच्या पुस्तकातले शब्द, उजवीकडे मुलांचे घरचे. उजवी बाजू तिने स्वतः भरायची नाही असं ठरवलं होतं, जरी तिला बरेच शब्द येत होते. मुलांनी घरी विचारून आणायचे. त्यासाठी सुट्टीतही मुलं तिच्या खोलीच्या दारात गर्दी करत आणि आई त्यांना हाकलत असे. 'प्रत्येकी'पुढे जानकीने सांगितलं तसं 'एकेकाक' आलं. 'शिल्लक'पुढे 'रवला ता'. 'एकंदर'पुढे 'सगळा मिळान', त्याखाली धाकूच्या घाटावरच्या आजीने सांगितलेला दुसरा शब्द, आणि मुलांचं कोणाचा बरोबर यावर भांडण. वनमालाने दोन्ही लिहिले.

सत्तावन्नच्या जूनमध्ये मुंबईभर तापाची साथ पसरली. शाळेत निम्मे बाक रिकामे पडले. वनमाला आजारी मुलांच्या घरी जाऊन येत होती. तिला ताप चढला तेव्हा ती दोन दिवस शाळेत आली, तिसऱ्या दिवशी नाही. ताप छातीत उतरला. उत्तरा रोज जाऊन बसे. एका दुपारी वनमालाने तिला विचारलं, "तक्त्याचं काय?" उत्तरा म्हणाली, "बरी हो, मग बघू." त्याच आठवड्यात वनमाला गेली. ती एकतीस वर्षांची होती. आईला मामा येऊन मालवणला घेऊन गेले.

तक्ता उत्तराकडे आला. तो ती मुलांकडून पुरा करून घेणार होती; अजून तिने तो हातात घेतलेला नाही. डाव्या बाजूचे सगळे शब्द वनमालाच्या अक्षरात आहेत, वरपासून खालपर्यंत. उजवी बाजू अर्ध्यापर्यंत आली आहे. तिने मुलांना शेवटचा विचारायला सांगितलेला शब्द 'सरासरी'. त्याच्यापुढे तिने रेघ आखली आहे, अक्षर तिरपं जाऊ नये म्हणून पेन्सिलीने, अगदी पुसट. त्या रेघेवर काही लिहिलेलं नाही.